अध्यापकाची वेधशाळा

अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात डॉरथी मेटकाफ-लिंडनबर्गर या विज्ञानशिक्षिकेस विद्यार्थ्याकडून प्रश्न आला, की अंतराळात गेलेले लोक शौचाची सोय कशी करतात? बाईंनी तो हसण्यावारी नेला नाही. उत्तर शोधताना त्यांना कळले, की अंतराळसंस्थेला शिक्षक हवे आहेत. २००४ साली त्यांची निवड झाली, एप्रिल २०१० मध्ये त्या डिस्कव्हरी यानातून अंतराळस्थानकास जाऊन आल्या आणि पुढे भूविज्ञानाच्या कामास लागल्या.

हे सारे दूरदेशीचे, असे भालकी-औरादकडील एखादा शिक्षक म्हणेल. परंतु कलबुर्गीहून सोलापूरमार्गे पुण्यास जाताना जेऊर नावाचे स्थानक लागते. २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहणासाठी तेथे शास्त्रज्ञांचा तळ पडला होता. त्यांत अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल होते, तसेच पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातील अध्यापक कावसजी दादाभाई नायगमवालाही होते.

नायगमवालांचा जन्म १८५७ चा. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात ते पदार्थविज्ञान शिकवीत. १८८२ साली भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी तेथील प्रयोगशाळेसाठी ५,००० रुपये दिले. सरकारने तेवढीच भर घातली. उपकरणे पाहण्यास नायगमवाला १८८४ मध्ये इंग्लंडला गेले असता नॉर्मन लॉकयर आदींनी सल्ला दिला, की प्रयोगशाळेऐवजी वेधशाळाच उभारावी. ती १८८८ साली पुण्यास सिद्ध झाली. तिच्यातील २० इंची परावर्तक दुर्बीण त्या काळी हिंदुस्थानात सर्वांत मोठी होती.

तारकेचा प्रकाश लोलकातून नेला म्हणजे त्याचा वर्णपट पसरतो, आणि त्यातील रेषांवरून तेथील द्रव्य ओळखता येते. मृग नक्षत्रातील तेजोमेघाची प्रमुख रेषा ही मॅग्नेशियमच्या पट्ट्याची कडा आहे, असे लॉकयर यांचे मत होते. तसे असते तर ती एका बाजूस अस्पष्ट दिसावयास हवी होती. पुण्याच्या दुर्बिणीतून ती सदैव रेखीव दिसली, आणि १८९१ साली नायगमवालांनी तसे प्रसिद्ध केले. ज्यांच्या सल्ल्याने वेधशाळा उभी राहिली, त्यांच्याच मताविरुद्ध ही साक्ष होती. विज्ञानात गुरुदक्षिणा अशीच द्यावयाची असते.

१९०० साली त्यांना अध्यापनातून मुक्त करून पूर्ण वेळ वेधशाळेस दिले. जेऊरच्या ग्रहणाचा अहवाल १९०२ मध्ये निघाला. परंतु १९१२ साली ते निवृत्त झाले आणि वेधशाळेस टाळे लागले. उपकरणे कोडाईकनालास गेली.

असे का व्हावे? वेधशाळा एका माणसावर उभी होती. तिचा भार पेलणारा दुसरा कोणी मागे तयार झाला नाही. शिक्षक वर्ग सोडून आकाशाकडे गेला, तर त्याचा अभिमानच वाटावा. मात्र त्याच्यामागे वर्गात दुर्बिणीस डोळा लावणारे कोणी उरले पाहिजे. आपल्या सीमाभागातील कित्येक शाळांत विज्ञानाचे कपाट कुलपात असते. साहित्य मोडेल, ही भीती. मोडले तर पुन्हा आणता येईल. मुलाने न विचारलेला प्रश्न मात्र पुन्हा आणता येत नाही.