पुस्तकाची ओढ लावावी लागते

प. पू. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव घेतलं की पुस्तकांच्या ढिगात बसलेली त्यांची मूर्ती आपल्या डोळ्यांसमोर येते. दादरचं राजगृह तर त्यांनी आपल्या ग्रंथांना जागा पुरावी म्हणून बांधलं. हे सारं ऐकून घरातलं पोर मात्र मनात म्हणतं, "ते बाबासाहेब होते, आपल्याला कुठं जमायचं?" म्हणून त्याआधीचा इतिहास मुलांना सांगितला पाहिजे.

साताऱ्याच्या शाळेत असताना भीवाला अभ्यासाची गोडी नव्हती. झाडं लावावीत, शेळ्या पाळाव्यात, यातच त्याचं मन रमे. शाळेत वेगळं बसावं लागे, पाण्याच्या भांड्याला हात लावायची सोय नव्हती. अशा शाळेची ओढ लागणार तरी कशी? मुंबईला पळून जाऊन गिरणीत नोकरी धरावी, असं त्यानं ठरवलं. गाडीभाड्यासाठी त्यानं आत्याची पैशाची पिशवी चोरायचं मनात आणलं. तीन रात्री जमलं नाही. चौथ्या रात्री पिशवी हाती लागली, तर आत निघाला अवघा अर्धा आणा! भीवा मनातून खजील झाला आणि पळून जाण्याचा बेत सोडून त्यानं नेटानं अभ्यास करायचं ठरवलं.

ठरवणं एका रात्रीत झालं, पण गोडी लागायला पुढं वर्षं लागली, आणि त्यासाठी मोठी माणसं झटली. पहिले वडील रामजीबाबा. घरात मुलांकडून ते रोज ग्रंथवाचन करून घेत. पुढं मुंबईत भीवा अभ्यासाबाहेरची पुस्तकं मागू लागला. जवळ पैसे नसले की रामजीबाबा लग्न झालेल्या लेकींकडून उसने आणत, प्रसंगी त्यांचा दागिना गहाण ठेवत आणि पेन्शन आली की सोडवत. "परीक्षेला नाही, मग कशाला हवं?" असं त्यांनी विचारलं नाही.

दुसरे कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजी. चर्नी रोडच्या बागेत शाळा सुटल्यावर एक मुलगा नेहमी वाचत बसलेला त्यांना दिसे. त्यांनी आपणहून त्याची चौकशी केली, त्याला वाचायला पुस्तकं दिली. परीक्षा पास झाल्याबद्दल वस्तीनं भीमरावांचा सत्कार केला, तेव्हा गुरुजींनी स्वतः लिहिलेलं भगवान बुद्धांचं चरित्र त्यांना भेट दिलं. त्या पुस्तकानं आपण भारावून गेलो, असं बाबासाहेबांनीच लिहून ठेवलं आहे. १९५६ च्या धम्मदीक्षेकडे जाणाऱ्या वाटेवर हे भेट मिळालेलं एक पुस्तकही आहे.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. पुढच्या शिक्षणासाठी केळुसकर गुरुजींनी त्यांना बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे नेलं आणि महिना २५ रुपयांची मदत सुरू झाली. या महाराजांचं राज्य आपल्या अगदी शेजारी होतं. नवापूरच्या सीमेपलीकडचं सोनगड बडोदा संस्थानातलंच. १९०६ साली महाराजांनी संस्थानभर प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. पण शाळा सुटल्यावर हाती पुस्तक नसलं तर शिकलेलं विसरून जातं, हेही त्यांनी ओळखलं. १९१० साली त्यांनी बॉर्डन नावाचे अमेरिकन ग्रंथपाल बोलावून गावोगावी वाचनालयं काढली. पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या खेड्यांत जात, आणि वाहतुकीचा खर्चही सरकार सोसे.

आता आपल्याकडे पाहू. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेत आपलं साक्षरतेचं प्रमाण सुमारे ६४ टक्के, राज्याचं ८२. घरी अहिराणी, भिली, पावरी नाहीतर गुजर बोली, आणि पुस्तकात प्रमाण मराठी. ऊसतोडीला आईबाप गुजरातेत गेले की पोराची शाळा मध्येच तुटते. असं पोर वाचायला बसलं की अडखळतं, वर्ग हसतो, आणि ते पुस्तक मिटून टाकतं. त्याला 'ढ' म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण साताऱ्याचा भीवाही एके काळी शाळा सोडायलाच निघाला होता!

म्हणून शाळेत रोज थोडा वेळ तरी मुलाला आवडेल ते पुस्तक घेऊ द्या. त्यावर प्रश्न नको, मार्क नको. चित्रांचं का असेना, पातळ का असेना, चालेल. गुरुजींनी, बाईंनी गोष्ट मोठ्यानं वाचून दाखवावी, अडलेला शब्द पोराच्या बोलीत सांगावा. घरी ज्या आईला अक्षर येत नाही, तिनं पोराला म्हणावं, "वाच बाबा, मी ऐकते." ऐकणारं कुणी असलं की वाचणाऱ्याला हुरूप येतो.

आणि विहारातल्या कपाटाचं कुलूप काढा. पुस्तक फाटेल, डाग पडेल, एखादं परतही येणार नाही. पण कपाटात ते वाळवी खाते, त्यापेक्षा पोराच्या हातात झिजलेलं बरं. वाढदिवसाला, पास झाल्यावर प्रत्येक मुलाला एक पुस्तक द्यावं, त्यावर त्याचं नाव घालून. केळुसकर गुरुजींनी एका मुलाला एक पुस्तक दिलं, त्याचं फळ आपण सारे आज अनुभवतो आहोत.

जय भीम! नमो बुद्धाय!