प्रहेलिका, शब्दकोडे आणि कृत्रिम बुद्धिमत्ता : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

कृत्रिम बुद्धिमत्तेला कूट शब्दकोड्याची पटण्याजोगी संकेतवाक्ये रचता येतील काय, हा प्रश्न नवा असला तरी त्याची कसोटी प्राचीन आहे. वैदर्भ मार्गाची थोरवी सांगणाऱ्या दंडीने ‘काव्यादर्शा’त प्रहेलिकेचे १६ प्रकार वर्णिले. पदांच्या संधीने अर्थ झाकणारी ती ‘समागता’. अन्य अर्थी रूढ असलेल्या शब्दाने चकविणारी ती ‘वंचिता’. १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रात अवतरलेल्या शब्दकोड्याला पुढे इंग्लंडमध्ये कूट रूप लाभले, तेही अशाच युक्त्यांवर.

उदाहरणार्थ, ‘रानातील गंध रामाच्या वाट्याला (४)’, उत्तर ‘वनवास’. अशी फोड यंत्रालाही साधते. तथापि भाषा-प्रारूप मजकूर अक्षरांत नव्हे, तुकड्यांत हाताळते. युनिकोडमध्ये ‘वनवास’ ५ चिन्हांचा, चौकटीत मात्र ४ अक्षरांचा; त्यामुळे मोजणी चुकू शकते.

याहून महत्त्वाचा प्रश्न सचोटीचा आहे. पूर्वाचार्यांनी नोंदविलेल्या १४ सदोष प्रहेलिका दंडीने वर्णिल्याच नाहीत. केवळ निर्दोष तेवढ्याच सांगितल्या. उत्तर कळल्यावर प्रत्येक शब्दाचा हिशेब लागला पाहिजे. तो न लागल्यास वाचक स्वतःच्याच भाषाज्ञानाला दोष देतो. म्हणून रचना यंत्राची असली तरी निवाडा जाणकार मराठी संपादकाचाच असावा, असे म्हणावे लागते.