स्पर्धा-रोबोटांची बिनतारी संपर्कव्यवस्था

विद्यार्थ्यांच्या स्पर्धांत उतरणारा रोबोट आणि तो चालवणारा संघ यांच्यात आज्ञा, स्थिती व चित्रे यांची बिनतारी देवाणघेवाण करणारी यंत्रणा. रोबोटवरचा रेडिओ, त्याला जोडलेला नियंत्रक, चालकाचा लॅपटॉप आणि मैदानावरचा ॲक्सेस पॉइंट हे तिचे मुख्य घटक. व्यवस्था स्पर्धेगणिक बदलते. येथे प्रामुख्याने अमेरिकेतील ‘फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन’ (एफआरसी) या शालेय स्पर्धेतील व्यवस्थेचा विचार केला आहे.

डीन केमन यांनी 1989 मध्ये ‘फर्स्ट’ ही संस्था स्थापन केली आणि 1992 मध्ये न्यू हॅम्पशर राज्यात पहिली स्पर्धा झाली. 2008 पर्यंत रोबोट रेडिओ मोडेमवर चालत. 2009 मध्ये नॅशनल इन्स्ट्रुमेंट्सचा सीरिओ हा नियंत्रक आला आणि त्याच्याबरोबर वाय-फाय आले. पुढे डी-लिंक डीएपी-1522 हा घरगुती वापराचा रेडिओ काही वर्षे चालला. त्याच्या बाजूला एक छोटी कळ असे. ती ‘ब्रिज’वर नसेल, तर बाकी सारे ठीक असूनही रोबोट मैदानाला जोडला जात नसे. त्यानंतर ओपन मेशचे ओएम5पी रेडिओ आले आणि आता व्हिविड-होस्टिंगचा व्हीएच-109 आहे. तो 6 गिगाहर्ट्झ पट्ट्यात काम करतो. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने हा पट्टा एप्रिल 2020 मध्ये विनापरवाना वापरासाठी खुला केला होता. हजारो प्रेक्षकांच्या मोबाइलांनी गजबजलेल्या सभागृहात त्याचा फायदा उघड आहे.

पत्त्यांची रचना : एफआरसीत पत्ता संघक्रमांकावरून ठरतो, आणि या व्यवस्थेतील सर्वांत शहाणा निर्णय कदाचित हाच असावा. मुंबईच्या ‘आर फॅक्टर’ संघाचा क्रमांक 6024. म्हणून त्याच्या रेडिओचा पत्ता 10.60.24.1 आणि नियंत्रकाचा 10.60.24.2. क्रमांक 254 असेल तर 10.2.54.2, आणि पाच अंकी 10015 असेल तर 10.100.15.2. कॅमेरा किंवा जोडसंगणक (रोबोटवर बसवलेला मदतनीस संगणक) यांना 6 ते 19 यांमधला शेवटचा आकडा कायमचा नेमून द्यावा; 20 च्या पुढचे पत्ते रेडिओ आपणहून वाटतो. हे पाळले नाही की दोन उपकरणे एकाच पत्त्यावर येऊन बसतात. मग कॅमेरा कधी दिसतो, कधी गायब होतो, आणि मुले केबल बदलत बसतात. नावाने शोधण्याची सोयही असते, पण ती लॅपटॉपच्या फायरवॉलमुळे वारंवार दगा देते. अशा वेळी थेट आकडी पत्ता टाकून पाहणे हा पहिला उपाय.

मैदानावर : एका सामन्यात तीन-तीन रोबोटांच्या दोन आघाड्या असतात. सहाही रोबोट एकाच ॲक्सेस पॉइंटला जोडलेले असले, तरी प्रत्येकाचे वाय-फायचे नाव व सांकेतिक किल्ली वेगळी असते आणि प्रत्येकाला आभासी जाळ्याचा स्वतंत्र कप्पा मिळतो. एका संघाचे संदेश दुसऱ्याच्या कप्प्यात जात नाहीत. चालकाचा लॅपटॉप मात्र मैदानाला तारेनेच जोडतात. त्या वेळी त्याचे स्वतःचे वाय-फाय बंद असावे, नाहीतर संदेश कोणत्या वाटेने जायचे यावरून लॅपटॉपच गोंधळतो. चालकाच्या आज्ञा दर 20 मिलिसेकंदांनी निघतात. त्या येणे थांबले की रोबोट आपोआप निष्क्रिय होतो. पन्नास-साठ किलोचे यंत्र बेलगाम धावू नये, यासाठीच ही तरतूद आहे.

वाय-फायची सांकेतिक किल्ली प्रत्येक स्पर्धेच्या ठिकाणी रेडिओत नव्याने भरली जाते. ती भरल्यावर रेडिओ फक्त मैदानाचाच शोध घेतो. त्यामुळे पिटमध्ये, म्हणजे संघाच्या दुरुस्तीच्या जागेत, रोबोट केबलने चालवावा लागतो, आणि घरी परतल्यावर रेडिओ पुन्हा घरच्या वापरासाठी जुळवावा लागतो. स्पर्धेनंतर शाळेत रोबोट जोडलाच जात नाही, अशी तक्रार येते तेव्हा बहुतेकदा हेच कारण निघते. स्पर्धेच्या आवारात स्वतःचे वाय-फाय किंवा मोबाइल हॉटस्पॉट सुरू करण्यास मनाई असते.

डेटाच्या वेगावरही मर्यादा असते. ओएम5पीच्या अखेरच्या काळात ती सेकंदाला 4 मेगाबिट होती. 640 × 480 आकाराचे, सेकंदाला 30 चौकटींचे साधे चलच्चित्र एकटेच ती मर्यादा गाठू शकते. आकार निम्मा आणि चौकटी 15 केल्या की भार एकदम उतरतो. त्याहून चांगली रीत म्हणजे चित्राचे विश्लेषण रोबोटवरच्या जोडसंगणकात करायचे आणि लक्ष्य किती अंशांवर आहे एवढाच आकडा खाली पाठवायचा. चालकाला चित्र छान दिसावे म्हणून आज्ञांची वाट अडवणे शहाणपणाचे नाही.

वीज आणि जोडण्या : ‘रेडिओ गेला’ असे मैदानावर ऐकू येते, तेव्हा रेडिओ निर्दोष असण्याचीच शक्यता अधिक. रोबोटवर 12 व्होल्टची शिसे-आम्ल बॅटरी असते. सगळी चाके एकदम अडली की मोटारी इतका प्रवाह ओढतात की व्होल्टता कोसळते. म्हणून ओएम5पीला व्होल्टता स्थिर राखणाऱ्या वेगळ्या पुरवठ्यातून वीज द्यावी लागे. रेडिओत बसणारी विजेची गोल पिन धक्क्याने सैल होई. अनेक संघ ती गरम गोंदाने चिकटवून टाकत. क्षणभर वीज गेली, तरी रेडिओ पुन्हा सुरू व्हायला अर्ध्या मिनिटाहून अधिक वेळ जाई, आणि सामना जेमतेम अडीच मिनिटांचा. व्हीएच-109 ला 12 व्होल्टच्या तारांतून किंवा इथरनेट केबलमधून वीज देता येते. पण तार नीट कसलेली नसेल किंवा केबलची चिमटी तुटलेली असेल, तर तोही तसाच बंद पडेल. रेडिओ मोटारींपासून दूर, धातूच्या पेटीबाहेर आणि दिवे बाहेरून दिसतील असा बसवावा.

दोष कोठे आहे हे चालकाच्या लॅपटॉपवरील नोंदपत्रात सापडते. त्यात संदेशाला लागलेला वेळ, हरवलेले संदेश आणि बॅटरीची व्होल्टता एकाच आलेखावर उमटतात. संपर्क तुटण्याच्या आधी व्होल्टतेची रेषा खड्ड्यात गेली असेल, तर बॅटरी व तारा पाहाव्यात. व्होल्टता सपाट आणि हरवलेले संदेश हळूहळू वाढत गेले, तर कॅमेऱ्याचा भार किंवा रेडिओची जागा संशयास्पद. सगळ्या रेषा एका क्षणी कापल्यासारख्या थांबल्या, तर सैल पिन किंवा केबल. दर सामन्यानंतर हे नोंदपत्र वाचणारा एक विद्यार्थी संघात असला, की निम्मे वाद मिटतात.

2012 चे प्रकरण : सेंट लुईस येथील जागतिक अजिंक्यपदाच्या अंतिम, म्हणजे ‘आइनस्टाइन’ मैदानावर एप्रिल 2012 मध्ये एकामागून एक रोबोट बंद पडले. संस्थेने त्या मैदानावरील बाराही संघांना बोलावून रोबोटांची पुन्हा चाचणी घेतली आणि जुलैमध्ये अहवाल प्रसिद्ध केला. एका व्यक्तीने मोबाइलवरून रोबोटांच्या वाय-फायला जोडण्याचे अयशस्वी प्रयत्न केले होते आणि यंत्रणेतील एका त्रुटीमुळे तेवढ्यानेही संपर्क तुटत होता, असे त्यात निष्पन्न झाले. मात्र सगळे खापर त्या मोबाइलवर फोडता आले नाही. काही रोबोटांत जोडण्यांचे, तर काहींत प्रणालीचे दोषही सापडले. अहवालाचे खरे मोल या दुसऱ्या भागात आहे.

अन्य स्पर्धा व भारत : ‘फर्स्ट टेक चॅलेंज’मध्ये कंट्रोल हब हे उपकरण स्वतःच वाय-फाय पुरवते, त्याचा नेहमीचा पत्ता 192.168.43.1. कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. 2014 मध्ये पुण्यात आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरवणाऱ्या ‘एबीयू रोबोकॉन’मध्ये अभियांत्रिकीचे विद्यार्थी आपली संपर्कव्यवस्था बहुतांशी स्वतःच जुळवतात. भारतात 5 गिगाहर्ट्झचे पट्टे 2018 मध्ये परवानामुक्त झाले. 6 गिगाहर्ट्झच्या खालच्या भागासाठी नियमांचा मसुदा मे 2025 मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील नियम येथे लागू होत नाहीत, म्हणून नवा रेडिओ आणून सरावासाठी सुरू करण्यापूर्वी संघांनी दूरसंचार विभागाचा चालू नियम पाहून घ्यावा.