लेडी बर्ड यांची आगगाडी

उमेदवाराच्या पत्नीनं प्रचारात काय करायचं, हे अमेरिकेत बराच काळ ठरलेलं होतं. नवऱ्याशेजारी बसायचं, हसतमुख राहायचं आणि शक्यतो बोलायचं नाही. एलिनॉर रूझवेल्ट यांनी १९४० साली पक्षाच्या अधिवेशनात भाषण करून हा रिवाज मोडला होता खरा. पण राष्ट्राध्यक्षांची पत्नी स्वतःची वेगळी प्रचारफेरी घेऊन निघाली, हे पाहायला १९६४ साल उजाडावं लागलं. आज आपण त्याच फेरीकडे पाहणार आहोत.

आधी परिस्थिती समजून घेऊ. २ जुलै १९६४ रोजी लिंडन जॉन्सन यांनी नागरी हक्क कायद्यावर सही केली. हॉटेलात, सिनेमागृहात, नोकरीत वंशभेद करायला बंदी आली. अमेरिकेतली 'दक्षिण' म्हणजे गुलामगिरी जिथे मुरली होती ती राज्यं. तिथला गोरा मतदार पिढ्यान्‌पिढ्या डेमोक्रॅटिक पक्षाचा, आणि तोच आता बिथरला. समोरचे उमेदवार बॅरी गोल्डवॉटर यांनी तर सिनेटमध्ये या कायद्याच्या विरोधात मत दिलेलं. दक्षिणेतल्या काही डेमोक्रॅटिक पुढाऱ्यांना अचानक दुसरी कामं आठवू लागली. आपल्याच राष्ट्राध्यक्षांसोबत फोटोत दिसायला नको, एवढाच त्याचा अर्थ!

मग लेडी बर्ड जॉन्सन निघाल्या. त्यांचं जन्मगाव टेक्सासमधलं, आजोळ अलाबामाचं, बोलण्याचा हेल अस्सल दक्षिणी. आपल्या माणसांना असं वाऱ्यावर सोडायचं नाही, ही त्यांची भूमिका होती. गव्हर्नर आणि सिनेटर यांना त्यांनी स्वतः फोन केले. ६ ऑक्टोबरला व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रियाहून गाडी सुटली आणि ९ तारखेला न्यू ऑर्लिन्सला पोचली. चार दिवस, आठ राज्यं, सोळाशेहून जास्त मैल. गाव आलं की गाडी थांबायची, शेवटच्या डब्याच्या सज्जातून भाषण व्हायचं, की पुढचं गाव.

ऐकायला ही सहल वाटते. पण डलासमध्ये केनेडींची हत्या होऊन वर्षही झालं नव्हतं. त्याच डलासमध्ये १९६० च्या प्रचारात जॉन्सन पतिपत्नींना संतप्त जमावानं घेरलं होतं. आता बॉम्बच्या धमक्या येत होत्या, म्हणून या गाडीच्या पुढे रूळ तपासायला एक वेगळं इंजिन धावत होतं. साउथ कॅरोलायनात तर घोषणांनी भाषण बुडवायचा प्रयत्न झाला. लेडी बर्ड यांनी हात वर केला आणि शांतपणे सांगितलं, की तुमचं मत मांडण्याच्या हक्काचा मला आदर आहे, आता बोलायची पाळी माझी आहे. बाईंवर आरडाओरडा करणं दक्षिणी शिष्टाचारात बसत नाही, हे त्या पुरेपूर ओळखून होत्या. ज्या रिवाजानं बायकांना गप्प बसवलं, त्याचीच त्यांनी ढाल केली. आम्हाला यात त्यांची खरी राजकीय हुशारी दिसते.

निकाल? जॉन्सन देशभर प्रचंड मतांनी जिंकले. पण गाडी गेलेल्या आठ राज्यांपैकी साउथ कॅरोलायना, जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपी आणि लुइझियाना ही पाच गोल्डवॉटर यांच्याकडे गेली. व्हर्जिनिया, नॉर्थ कॅरोलायना आणि फ्लोरिडा राहिली. त्यातलं श्रेय गाडीचं किती, हे मोजायला तराजू नाही. आणि गाडीनं दक्षिण वाचवली असं म्हणणं तर भाबडेपणाचंच होईल. पण सही केलेला कायदा ज्यांना नको होता, त्यांच्याच फलाटावर जाऊन त्याची बाजू मांडणारं कुणीतरी गेलं. पुष्कळ पुरुष पुढारी गेले नाहीत.

या गाडीत लुइझियानाचे काँग्रेस सदस्य हेल बॉग्ज यांच्या पत्नी लिंडी बॉग्जही होत्या. त्यांनी वर्षानुवर्षं नवऱ्याच्या प्रचाराची सगळी यंत्रणा हाताळलेली. १९७२ मध्ये हेल यांचं विमान अलास्कात बेपत्ता झालं. पुढच्या वर्षी पोटनिवडणुकीत त्याच जागेवर लिंडी निवडून आल्या, आणि १९९१ च्या जानेवारीपर्यंत काँग्रेसमध्ये होत्या.