परसांतलें पाखरूं आणि कॅमेऱ्याचा क्षण

सकाळचें कोवळें ऊन परसांतल्या जास्वंदीवर नुकतें उतरलेलें असतें. निळ्याकाळ्या चकाकत्या अंगाचा शिंजीर एका फुलावरून दुसऱ्या फुलावर जातो, आपली बांकदार चोंच फुलाच्या तळाशीं खुपसतो आणि डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच कुंपणापलीकडे नाहींसा होतो. तेवढ्या अवकाशांत घरांतल्या एखाद्या मुलानें खिडकींतून त्याचें छायाचित्र टिपलेलें असतें. चित्रांत पिसांवरची झांक असते, चोंचेला लागलेला परागहि असतो. आणि शिंजीर आपल्या वाटेनें निघून गेलेला असतो. त्याचें एक पीसहि गळलेलें नसतें. ही शेवटची गोष्ट आज इतकी साहजिक वाटते कीं तिच्याकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. परंतु पाखराचें चित्रहि मिळावें आणि पाखरूंहि जिवंत राहावें, हा योग माणसाला फार उशिरां साधला.

एकोणिसाव्या शतकांत पक्ष्यांचा अभ्यास म्हणजे बहुधा बंदुकीचा अभ्यास असे. अमेरिकेंतील पक्ष्यांच्या चित्रांसाठीं जगभर नांवाजलेला जॉन जेम्स ऑड्युबॉन (१७८५–१८५१) पक्षी आधीं गोळीनें पाडी, मग तारांच्या आधारानें त्याला जिवंतपणींच्या ऐटींत उभा करी, आणि त्यानंतर रंग हातांत घेई. पक्ष्यांचें त्याला वेड होतें. पण उडतें पाखरूं नजरेंत ठरत नाहीं आणि ठरल्यावांचून तें कागदावर उतरत नाहीं, ही अडचण त्याला दुसऱ्या मार्गानें सोडवितां आली नाहीं. कीटकांची गत याहून निराळी नव्हती. विषारी वाफेच्या बाटलींत गुदमरलेलीं फुलपाखरें टांचणीनें बुचाच्या तुकड्यांवर टोंचलीं जात आणि कांचेच्या पेट्यांतून दिवाणखान्याची शोभा वाढवीत.

१८३९ सालीं छायाचित्रणाची कला जगापुढें आली, तेव्हां ही हत्या आतां थांबेल असें कोणाला वाटलें असतें तर नवल नव्हतें. प्रत्यक्षांत तसें झालें नाहीं. त्या काळच्या कॅमेऱ्याला घाई ठाऊक नव्हती. कांचेवर वा पत्र्यावर चित्र उमटण्यास आरंभीं मिनिटें लागत, पुढें सेकंद लागूं लागले. माणूस मानेमागें आधार घेऊन तेवढा वेळ निश्चल बसे; चिमणी कशाला बसेल? म्हणून कॅमेऱ्यापुढें जे पक्षी प्रथम आले, ते बहुतेक पेंढा भरलेलेच आले. येथून पुढची सारी हकीगत ही चित्रास लागणारा वेळ कमी करण्याच्या खटपटीची हकीगत आहे. तो वेळ जसजसा घटत गेला, तसतसा पाखराच्या जिवावरचा भार हलका होत गेला.

या वाटेवरचें पहिलें मोठें पाऊल पॅरिसचा शरीरशास्त्रज्ञ एत्येन ज्यूल मारे यानें टाकलें. पक्षी उडतो कसा, हें त्याला जाणून घ्यावयाचें होतें; आणि मेलेला पक्षी या प्रश्नाचें उत्तर देऊं शकत नव्हता. १८८२ सालीं मारेनें एक विलक्षण यंत्र बनविलें. त्याला बंदुकीप्रमाणें दस्ता होता, नळी होती, चापहि होता. दस्ता खांद्याला लावून उडत्या पक्ष्यावर नेम धरावयाचा आणि चाप ओढावयाचा. गोळी सुटत नसे. त्याऐवजीं आंतील फिरत्या तबकडीवर एका सेकंदांत १२ चित्रें उमटत, आणि प्रत्येक चित्रास सेकंदाचा सातशेविसावा भाग पुरे होई. नेपल्सच्या किनाऱ्यावर मारेनें सागरी कुरव या बंदुकीनें टिपले. चित्रें लहान होतीं, पक्ष्यांच्या नुसत्या काळ्या आकृति दिसत. पण बंदूक रोखल्यावरहि पक्षी उडत राहिला, ही गोष्ट नवी होती.

मारेचा हेतु शास्त्राचा होता. साध्या माणसाच्या हौसेला वळण लावलें तें इंग्लंडांतील रिचर्ड आणि चेरी कीर्टन या दोघां भावांनीं. यॉर्कशरमधील थ्वेट नांवाच्या खेड्यांत त्यांचें बाळपण गेलें. थोरला रिचर्ड लहानपणीं पक्ष्याच्या घरट्यापायीं झालेल्या अपघातानें कायमचा लंगडा झाला होता. पुढें तो लंडनमधील एका प्रकाशनसंस्थेंत नोकरीस लागला आणि धाकटा चेरीहि तेथें आला. १० एप्रिल १८९२ या दिवशीं लंडननजीक चेरीनें थ्रश पक्ष्याच्या घरट्याचें, आंतील अंड्यांसह, छायाचित्र घेतलें. त्यांतूनच १८९५ सालीं ब्रिटिश पक्ष्यांच्या घरट्यांवरचें त्यांचें पुस्तक निघालें. त्यांतलीं सर्व चित्रें रानांत, जागच्या जागीं घेतलेलीं छायाचित्रें होतीं, आणि अशा तऱ्हेचें तें पहिलेंच पुस्तक मानलें जातें. पक्ष्यांना संशय येऊं नये म्हणून या भावांनीं नाना युक्त्या लढविल्या. एकदां तर त्यांनीं बैलाचें कातडें हलक्या सांगाड्यावर चढविलें आणि त्याच्या पोटांत कॅमेरा घेऊन माणूस उभा राहिला. पुढें चेरीनें जगभर प्रवास केला, अनेक पुस्तकें लिहिलीं. आणि १९४० च्या सप्टेंबरांत, मुलांसाठीं रेडिओवर भाषण करून बाहेर पडल्यावर थोड्याच वेळांत त्याचा अंत झाला.

चेरीनें आरंभ घरट्यापासूनच केला, यांत एक मर्म आहे. अंडें हलत नाहीं. घरटें जागा सोडीत नाहीं. आणि घरट्याच्या ओढीनें आईबाप पुन्हां पुन्हां त्याच जागीं येतात. मंद कॅमेऱ्याला याहून सोयीचें स्थळ नव्हतें. म्हणून पुढील कित्येक वर्षें छायाचित्रकारांचा मुक्काम घरट्यांपाशींच पडला. उजेड यावा म्हणून आड येणाऱ्या फांद्या बांधल्या जात, पानें दूर सारलीं जात. गोळी सुटत नव्हती हें खरें. पण पानांचा आडोसा गेल्यावर तें घरटें कावळ्यालाहि दिसूं लागे, आणि भ्यालेले पक्षी कधीं अंडीं टाकून निघून जात. या सलगीची किंमत एकदां माणसालाहि द्यावी लागली. १९३७ सालीं विख्यात पक्षिचित्रकार एरिक हॉस्किंग याच्यावर घरट्यानजीक एका घुबडानें झडप घातली आणि त्याचा एक डोळा कायमचा गेला.

कीटकांचा प्रश्न याहूनहि अवघड होता, आणि तो सोडविण्याचा मोठा प्रयत्न खरोखरच घरच्या परसांत झाला. डेव्हिड फेअरचाइल्ड हा अमेरिकन सरकारच्या शेतकी खात्यांतला वनस्पतिशास्त्रज्ञ. देशोदेशींचीं फळझाडें आणि धान्यें हुडकून तीं अमेरिकेंत आणण्यांत त्याचें आयुष्य गेलें. १९०५ सालीं टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल याची कन्या मॅरियन हिच्याशीं त्याचा विवाह झाला, आणि वॉशिंग्टन शहराबाहेर त्यांनीं झाडींत घर बांधलें. जगभर हिंडलेल्या या माणसाला घराभोंवतींच्या गवतांत एक अपरिचित जग सांपडलें. नाकतोडे, कोळी, मुंग्या, भुंगे यांचीं मोठीं छायाचित्रें पतिपत्नींनीं घेतलीं. १९१३ सालीं ‘नॅशनल जिऑग्राफिक’ मासिकांत ‘आपल्या परसांतील राक्षस’ अशा अर्थाच्या मथळ्याखालीं तीं प्रसिद्ध झालीं, आणि १९१४ सालीं त्या राक्षसांचें पुस्तकच निघालें. नखाएवढ्या नाकतोड्याचा चेहरा पानभर झाला, कोळ्याचे आठ डोळे वाचकाकडे रोखून पाहूं लागले. पायाखालीं चिरडल्या जाणाऱ्या जिवाला चेहरा असतो, हें हजारों घरांना तेव्हां प्रथम उमगलें असावें.

पण या राक्षसांपैकीं बहुतेक चित्र घेतेवेळीं मेलेले होते. फेअरचाइल्डनें ही गोष्ट लपविली नाहीं; मेलेल्या कीटकाचे पाय जिवंतपणीं असतात तसे मांडून त्याला कॅमेऱ्यापुढें कसें बसवावें, याची रीतच त्यानें सांगितली आहे. हें निर्दयपणामुळें झालें नाहीं. प्रकाशाच्या गणितामुळें झालें. कीटकाची प्रतिमा मूळ आकाराच्या दहापट हवी असेल, तर भिंगापासून कांच नेहमींच्या अकरापट दूर न्यावी लागते; म्हणून त्याचा कॅमेरा कित्येक फूट लांब झाला. अंतर अकरापट झालें कीं कांचेवर पडणारा उजेड १२१ पट विरळ होतो. शिवाय मिशीपासून पायापर्यंत सारें स्पष्ट दिसण्यासाठीं भिंगाचें छिद्र अगदीं बारीक करावें लागतें, आणि उजेड आणखी आटतो. मग भर उन्हांतहि बराच वेळ थांबण्यावांचून गत्यंतर उरत नाहीं, आणि तेवढा वेळ जिवंत मुंगी थांबत नाहीं. तरीहि हा उद्योग वायां गेला नाहीं. त्याच घरांत वाढलेला फेअरचाइल्डचा मुलगा पुढें कीटकशास्त्रज्ञ झाला, आणि घोडमाश्यांच्या अभ्यासांत त्यानें नांव मिळविलें.

तेव्हां उणीव होती ती उजेडाची, आणि ती भरून काढली विजेनें. मारेचा सहकारी ल्यूसियाँ बुल यानें १९०४ च्या सुमारास विजेच्या ठिणग्यांच्या प्रकाशांत माशीचें उड्डाण टिपलें होतें. पण तो प्रयोगशाळेंतला खटाटोप होता. १९२९ पासून एकदांच पेटून विझणारे फ्लॅशचे दिवे बाजारांत आले. त्यानंतर अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेंत हॅरल्ड एजर्टन यानें वायु भरलेल्या कांचेच्या नळींतून सांठविलेली वीज एकदम सोडण्याची युक्ति पूर्णतेस नेली. या नळीचा लखलखाट सूर्याहून प्रखर भासे, आणि तो टिके सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनहि कितीतरी कमी वेळ. १९३० नंतरच्या दशकांत एजर्टननें हा दिवा हमिंगबर्डकडे वळविला. अमेरिका खंडाबाहेर न आढळणारा हा चिमुकला पक्षी फुलापुढें अधांतरीं थांबून मध पितो, आणि त्या वेळीं त्याचे पंख सेकंदाला सुमारें ५० वेळां हलतात. डोळ्याला तेथें नुसतें धुकें दिसतें. एजर्टनच्या चित्रांत त्या धुक्याचे पंख झाले आणि पंखांचें एकेक पीस मोजतां येऊं लागलें. १९४७ च्या ऑगस्टांत हीं चित्रें ‘नॅशनल जिऑग्राफिक’मध्यें छापून आलीं. त्याच मासिकानें ३४ वर्षांपूर्वीं मेलेल्या कीटकांचीं चित्रें छापलीं होतीं.

पुढचीं पावलें झपाट्यानें पडलीं. ड्युपाँ या रसायनउद्योगाचा अध्यक्ष क्रॉफर्ड ग्रीनवॉल्ट यानें कामांतून सवड काढून हमिंगबर्डचा ध्यास घेतला. त्याचें पुस्तक १९६० सालीं निघालें. इंग्लंडांतील स्टीफन डाल्टन यानें मोकळेपणीं उडणाऱ्या कीटकांसाठीं स्वतः यंत्रें जुळविलीं. कीटक उडत येऊन प्रकाशाची अदृश्य रेघ ओलांडी, आणि त्याच क्षणीं शटर व फ्लॅश आपोआप चालत. १९७५ सालच्या त्याच्या पुस्तकांत भुंगे, चतुर आणि पतंग हवेंत तरंगत असतांनाच टिपलेले आहेत. ऑड्युबॉनची तार आणि फेअरचाइल्डची मांडणी, दोहोंचीहि गरज आतां उरली नाहीं.

मुंबईंत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ पासून आहे, आणि तिच्या कपाटांतहि मारून भरलेल्या पक्ष्यांचे हजारों नमुने आहेत; शास्त्राला त्यांचा उपयोग होतो. १९४१ सालीं सलीम अलींचें भारतीय पक्ष्यांवरील पुस्तक निघालें, तेव्हां त्यांतील रंगीत पक्षी हातानें रंगविलेले होते. आज त्याच शहरांत, कुंडीतल्या लिंबावर चतकोर ऊन येत असेल तरी पुरे होतें. त्या पानांवर फुलपाखरूं अंडीं घालतें. अंड्यांतून निघालेली अळी प्रथम पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणून पक्षी तिला सोडून देतात. २०१५ सालीं महाराष्ट्राचें राज्य फुलपाखरूं ठरलेलें निळ्या पंखांचें राणी पाखरूंहि लिंबाच्याच वर्गांतील झाडांवर वाढतें. हा सारा जन्मक्रम पूर्वीं पेटींतल्या टांचणीवर संपे. आतां तो पानावरच सुरू राहतो, आणि त्याचीं चित्रें घरांत जमतात.

यंत्राकडून मागावयाचें तें बहुतेक सारें मिळालें आहे. म्हणूनच कांहीं जुन्या खोडी आतां अधिक टोंचतात. कीटक हलूं नये म्हणून त्याला बर्फाच्या पेटींत गारठवून फुलावर ठेवणारे छायाचित्रकार अजून आहेत. शिंप्यानें पानें शिवून केलेलें घरटें नीट दिसावें म्हणून तीं पानें दूर करणारेहि आहेत. कीर्टनच्या काळीं मंद कांचेमुळें घरट्याची वाट धरावी लागली. फेअरचाइल्डच्या काळीं उजेड अपुरा होता. त्यांची अडचण खरी होती. सेकंदाच्या हजाराव्या भागांत चित्र टिपणाऱ्या माणसाजवळ ती सबब नाहीं. त्याच्याजवळ असावा लागतो तो दुसराच वेळ: जास्वंदीपासून चार हात दूर, हालचाल न करतां बसण्याचा. तेवढा वेळ दिला, तर शिंजीर दुसऱ्या दिवशीं सकाळीं पुन्हां त्याच फुलांवर येतो.