उरण व दाभोळ : वायुविद्युत् केंद्रांचे उत्पादन आणि उत्सर्जन

दाभोळ येथून निघून, सह्याद्री ओलांडून थेट बेंगळुरूपर्यंत जाणारी नैसर्गिक वायूची नळवाहिनी २०१३ साली कार्यान्वित झाली. ती कोल्हापूर जिल्ह्यातून जाते. कोळशाच्या मानाने हा वायू स्वच्छ इंधन होय, असे सर्वत्र मानले जाते. हे मत चुकीचे नाही. तथापि ते अपुरे आहे. वायूवर चालणाऱ्या केंद्राची स्वच्छता केवळ इंधनाच्या गुणावर ठरत नाही. यंत्ररचना आणि इंधनाचा अखंड पुरवठा यांवरही ती अवलंबून असते. महाराष्ट्रातील उरण व दाभोळ या दोन केंद्रांचा इतिहास पाहिला असता ही गोष्ट स्पष्ट होते.

मुंबई हाय या समुद्रातील तेलक्षेत्राचा शोध १९७४ मध्ये लागला आणि १९७६ मध्ये उत्पादनास आरंभ झाला. तेलाबरोबर निघणारा वायू वापरण्याची सोय अपुरी असल्याने त्याचा बराचसा भाग प्रारंभी जाळून टाकावा लागे. हा वायू उपयोगात आणण्यासाठी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाने उरण येथे १९८२ पासून वायुजनित्रे उभारली. पुढे १९८५-८६ च्या सुमारास १०८ मेगावॅटचे चार संच त्यांत आले. या जनित्रांतून बाहेर पडणारे तप्त धूम्रवायू मात्र तसेच आकाशात सोडले जात. १९९४ मध्ये त्या उष्णतेवर वाफ निर्माण करून चालणारे १२० मेगावॅटचे दोन संच जोडण्यात आले. अशा रीतीने ४३२ मेगावॅटला २४० मेगावॅटची जोड मिळून क्षमता ६७२ मेगावॅट झाली. आणि या वाढीसाठी जादा इंधन लागले नाही.

या बदलाचा अर्थ आकड्यांत मांडता येतो. एक गिगाज्यूल उष्णता देण्यासाठी नैसर्गिक वायू जाळल्यास सुमारे ५६ किलोग्रॅम कार्बन डाय-ऑक्साइड निघतो. कोळशाच्या बाबतीत हे प्रमाण सुमारे ९५ किलोग्रॅम असते. केवळ वायुजनित्राची कार्यक्षमता ३० टक्के धरली, तर एका युनिटमागे सुमारे ६७० ग्रॅम उत्सर्जन होते. त्याच वायूवर वाफेचे संचही चालले की हा आकडा ४३० ग्रॅमच्या आसपास येतो. ३५ टक्के कार्यक्षमतेच्या कोळसा केंद्रात तो ९८० ग्रॅमच्या घरात जातो. म्हणजे वायूच्या लौकिकाचा मोठा वाटा वस्तुतः १९९४ च्या त्या जोडणीला द्यावयास हवा.

परंतु क्षमता म्हणजे उत्पादन नव्हे. ६७२ मेगावॅटचे केंद्र वर्षभर पूर्ण भाराने चालले तर सुमारे ५८९ कोटी युनिट वीज मिळेल. उरणला पुढे गरजेपेक्षा कमी वायू मिळू लागला, कारण खतकारखाने आणि शहरी घरगुती पुरवठा यांचाही त्याच वायूवर हक्क होता. वायूअभावी न झालेले उत्पादन कोळशावर भरून काढले, तर वरील हिशेबाने प्रत्येक युनिटमागे सुमारे ५५० ग्रॅम जादा कार्बन डाय-ऑक्साइड हवेत जातो. हे उत्सर्जन उरणच्या खाती लिहिले जात नाही. कारण मात्र तेथेच असते.

दाभोळचा इतिहास याहून कठोर आहे. गुहागर तालुक्यातील अंजनवेल येथील या प्रकल्पाचा सामंजस्य करार १९९२ मध्ये झाला आणि पहिला टप्पा १९९९ मध्ये सुरू झाला. तेव्हाचे इंधन वायू नसून नाफ्था होते. समान उष्णतेसाठी नाफ्थ्याचे उत्सर्जन वायूच्या सुमारे ३० टक्के अधिक असते. विजेच्या दरावरून वाद होऊन २००१ मध्ये केंद्र बंद पडले; त्याच वर्षाच्या अखेरीस एन्रॉन कंपनी दिवाळखोरीत गेली. २००५ मध्ये रत्नागिरी गॅस अँड पॉवर या कंपनीची स्थापना होऊन केंद्राचे पुनरुज्जीवन झाले. २००९ मध्ये कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील वायू मिळाला. तो आटताच १९६७ मेगावॅटची ही यंत्रणा पुन्हा थंडावली. २०१५ च्या अखेरीस रेल्वेसाठी ५०० मेगावॅटपुरता पुरवठा सुरू झाला. बंद केंद्राचे उत्सर्जन शून्य असते. पण त्याला स्वच्छ केंद्र म्हणणे म्हणजे रिकाम्या कोठाराला काटकसरी म्हणण्यासारखे होईल.

धुराड्यापाशी केलेले मापनही पुरेसे नसते. वायूत राख नाही, गंधक नगण्य आहे. परंतु ज्वलनाच्या उच्च तापमानामुळे नत्राची ऑक्साइडे निर्माण होतात. शिवाय वाहिन्यांतून गळणारा मिथेन वीस वर्षांच्या मुदतीत कार्बन डाय-ऑक्साइडच्या सुमारे ८० पट उष्णता धरतो. त्यामुळे विहिरीपासून जनित्रापर्यंतच्या वाटेवर थोडी गळती झाली, तरी कोळशावरील वायूची सरशी कमी होते.

तात्पर्य, या केंद्रांचा इतिहास लिहिताना स्थापित क्षमतेवर विसंबून चालत नाही. कोणत्या वर्षी कोणते इंधन, किती काळ आणि कोणत्या यंत्ररचनेत जळले, हे पाहावे लागते. कोल्हापूरच्या हद्दीतून जाणारा वायू स्वयंपाकघरात जावा, कारखान्यात जावा की जनित्रात, या प्रश्नाचा विचारही याच हिशेबाने व्हावयास हवा.