हाक, ओ आणि दोन सेकंद

संगणकाचा पडदा काळा झाला, क्षणभराने पुन्हा उजळला आणि कोपऱ्यात एक इंग्रजी सूचना उमटली. डिस्प्ले ड्रायव्हरने प्रतिसाद देणं थांबवलं होतं, आता तो सावरला आहे, असा तिचा अर्थ. त्या आठवड्यात ती सूचना मी नवव्यांदा वाचत होतो. दहाव्या खेपेला तीही आली नाही, थेट निळा पडदाच आला आणि अर्ध्या पानाचा मजकूर गेला. मजकूर होता ‘हाकेच्या अंतरावर’ या वाक्प्रचाराबद्दल, आणि शेजारी मोल्सवर्थचा कोश ‘हाक’पाशीच उघडा होता. संगणक पुन्हा सुरू होईपर्यंत मी कोशाच्या पानावर नुसता खाली-वर पाहत राहिलो. ‘हाक’च्या जवळच ‘हाकणे’ होतं. त्याचा इंग्रजी अर्थ दिला होता ‘ड्राइव्ह’.

मग ड्रायव्हर म्हणजे हाकणारा. आणि ज्याला हाकायचं त्याने ओ दिली नाही, की पडदा काळा होतो. हा योगायोग नाही, असं मला तेव्हाच वाटलं. पुढचे कित्येक महिने मी या शब्दाचं कूळ धुंडाळत होतो.

ड्रायव्हर म्हणजे काय, ते एका ओळीत सांगतो. ऑपरेटिंग सिस्टिमला प्रत्येक यंत्राची बोली येत नाही, म्हणून छपाईयंत्र, ध्वनी, चित्र अशा प्रत्येक यंत्रासाठी एक मध्यस्थ प्रोग्राम लागतो, तो ड्रायव्हर. पण या मध्यस्थाला दुभाषा, मुनीम किंवा हस्तक न म्हणता ‘ड्रायव्हर’च का म्हटलं?

पहिला पक्ष सोपा आहे आणि बहुतेकांना तोच पटतो. मोटारीला चालवणारा असतो तसा यंत्राला चालवणारा. मला हे पटत नाही. मोटारीचा ड्रायव्हर गाडीत बसतो, चाक त्याच्या हातात असतं, कुठल्या वळणाला वळायचं ते तो ठरवतो. ग्राफिक्स ड्रायव्हर यातलं काहीच ठरवत नाही. पडद्यावर काय काढायचं ते खेळ, ब्राउझर किंवा आपला लेखनाचा प्रोग्राम ठरवतो. ड्रायव्हर ती मागणी कार्डाला कळेल अशा आज्ञांत उतरवतो आणि रांगेत पुढे ढकलतो. त्याच्या हाती सुकाणू नाहीच. फ्रेंचांनी या प्रोग्रामला ‘पिलोत’ म्हटलं आणि डचांनी ‘स्टूरप्रोग्रामा’, म्हणजे वळवणारा प्रोग्राम. माझ्या मते दोघांनीही सुकाणूची प्रतिमा धरली आणि दोघेही वाट चुकले.

दुसरा पक्ष विद्युत-अभियंत्यांचा, आणि तो भक्कम आहे. लांब तारेत संकेत क्षीण होतो, म्हणून तिच्या तोंडाशी एक मंडल बसवतात. ते प्रवाहाला जोर देऊन तारेत लोटतं. त्याला ‘लाइन ड्रायव्हर’ म्हणतात. ‘बस ड्रायव्हर’ हीसुद्धा इलेक्ट्रॉनिक्समधली खरी वस्तू आहे. ७४२४४ ही आठ तारांना रेटा देणारी चिप कित्येक विद्यार्थ्यांनी प्रयोगशाळेत हाताळली असेल. तिथली ‘बस’ म्हणजे अनेक घटकांनी वाटून घेतलेल्या तारांचा जुडगा. हा शब्द ‘सर्वांसाठी’ या अर्थाच्या लॅटिन ‘ऑम्निबस’चं शेपूट आहे, आणि एसटीची बसही त्याच शेपटातून निघाली. मंडलांच्या दुनियेतला ड्रायव्हर पुढे प्रोग्रामांच्या दुनियेत आला, असं हा पक्ष म्हणतो.

हे मला मान्य आहे. पण मंडलांच्या दुनियेत तो आला कुठून? गिरणीत पट्ट्याला गती देणारं चाक ‘ड्रायव्हिंग व्हील’, जमिनीत खांब ठोकणारा ‘पाइल ड्रायव्हर’, स्क्रू लाकडात घुसवणारा ‘स्क्रू ड्रायव्हर’. यातला एकही कुठे बसून वाट दाखवत नाही. सगळे मागून रेटतात. म्हणजे हा पक्ष माझा प्रतिपक्षी नव्हेच, तो कुळातला चुलता आहे. त्याचा बाप शोधायला जुन्या इंग्रजीतल्या ‘द्रीफान’ या धातूपर्यंत जावं लागतं. त्याचा अर्थ मागे राहून पुढे घालणं. गुरं अशीच रानात नेतात. मोटारीच्या कितीतरी आधी इंग्रजीत ‘ड्रायव्हर’ हा गुरं हाकणारा होता.

तिसरा दावेदार आहे ‘हँडलर’. डीईसी कंपनीच्या आरटी-११ या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये याच प्रोग्रामांना ‘डिव्हाइस हँडलर’ म्हणत. युनिक्समध्ये मात्र ते ‘ड्रायव्हर’ होते आणि युनिक्सबरोबर हा शब्द जगभर गेला. ‘हँडलर’ संपला नाही, तो ‘इंटरप्ट हँडलर’मध्ये तग धरून राहिला. माझा तर्क असा, की दोघांनी कामं वाटून घेतली. जे आपल्याकडे चालून येतं ते हाताळायचं, जे आपण पुढे घालतो ते हाकायचं. इंटरप्ट यंत्राकडून येतो, म्हणून तिथे हँडलर. आज्ञा यंत्राकडे जाते, म्हणून तिथे ड्रायव्हर.

माझ्या बाजूची सर्वांत बळकट साक्ष जर्मन भाषेची. जर्मनमध्ये मोटार चालवणारा तो ‘फारर’ आणि संगणकातला ड्रायव्हर तो ‘ट्रायबर’. ‘ट्रायबर’ म्हणजे गुरं हाकणारा, आणि शिकारीत रान उठवून सावज पुढे घालणारा. आपल्याकडे शिकारीच्या वर्णनांत येणारे हाकारे, तेच हे. ‘ट्रायबेन’ हा धातू ‘ड्राइव्ह’चा सख्खा भाऊच असल्याने जर्मनांनी नुसता जुळता शब्द उचलला, असं कुणी म्हणेल. पण ‘फारर’ हातात असताना तो त्यांनी घेतला नाही. अर्थ हाकण्याचा आहे हे त्यांच्या कानांनी ओळखलं होतं, असं मी धरून चालतो.

आता मराठीकडे. इंग्रजीत गुरांचा ड्रायव्हर आणि मोटारीचा ड्रायव्हर एकाच शब्दात मिसळले, मराठीने मात्र त्यांना वेगळं ठेवलं. आपण मोटार ‘चालवतो’, बैलगाडी, औत आणि मोट ‘हाकतो’. एसटीत चालक आणि वाहक असतात, हाकणारा कुणी नसतो. हाकण्यासाठी पुढे ऐकणारा जीव लागतो, कारण हाकण्यात हाक आहे. चाबूक नंतर, आधी आवाज. हाक आधी की हाकणे आधी, यावर वाद घालता येईल. माझं मत हाकेच्या बाजूचं, कारण गुरं आवाजाने वळतात हे कळायला चाबकाचा शोध लागावा लागत नाही.

आणि इथेच या शोधातला सर्वांत आनंदाचा क्षण आला. बाराव्या शतकात गुजरातेत हेमचंद्राने ‘सिद्धहेमशब्दानुशासन’ हे व्याकरण रचलं. त्याचा आठवा अध्याय प्राकृताचा. त्यात ‘हक्क’ हा धातू येतो आणि तो संस्कृतातल्या ‘निषेध्’ या क्रियेच्या जागी सांगितला आहे. म्हणजे रोखणं, नको म्हणणं, थांब म्हणणं. पुढे घालण्याची हाक आणि थांबवण्याची हाक एकाच आवाजात होती. बैलाला ‘हो’ म्हणून थांबवणाऱ्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. ‘थांब’ या हाकेचा काळ्या पडद्याशी काय संबंध, त्यासाठी थोडं विंडोजच्या गाभाऱ्यात शिरायला हवं.

१९९३च्या विंडोज एनटी ३.१मध्ये चित्रं काढणारी बहुतेक यंत्रणा कर्नेलच्या, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याच्या, बाहेर होती. ते सुरक्षित होतं पण संथ, कारण प्रत्येक रेघेसाठी उंबरठा ओलांडावा लागे. १९९६च्या एनटी ४.०ने वेगासाठी ती गाभ्यात घेतली आणि तिच्यासोबत ग्राफिक्स ड्रायव्हरही आत आला. गाभ्यातला प्रोग्राम अडखळला की सगळी सिस्टिम अडखळते. आतला ड्रायव्हर चुकीच्या स्मृतिस्थानाला हात लावतो किंवा एखाद्या चक्रात अडकून बसतो, आणि पुढे काही करायला कुणी उरतच नाही. एक्सपीच्या काळात अशा अडकलेल्या ड्रायव्हरसाठी निळ्या पडद्यावर वेगळी चूक यायची. ती रोग सांगायची, उपचार करायची नाही.

विंडोज व्हिस्टाने ड्रायव्हरचे दोन भाग केले. मोठा भाग बाहेर काढला, लहानसा आत ठेवला. विभागणी शहाणपणाची होती, पण सगळ्या कंपन्यांना ड्रायव्हर नव्याने लिहावे लागले आणि घाई नडली. व्हिस्टावरून अमेरिकेत चाललेल्या खटल्यात २००८ साली मायक्रोसॉफ्टची अंतर्गत कागदपत्रं उघड झाली. त्यांत २००७ मधल्या नोंदवलेल्या व्हिस्टा-क्रॅशपैकी २८.८ टक्के एनव्हिडियाच्या ड्रायव्हरच्या नावावर होते. खुद्द मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रामांचा वाटा त्याहून कमी होता.

याच व्हिस्टात आली ‘टाइमआउट डिटेक्शन अँड रिकव्हरी’, थोडक्यात टीडीआर. माझ्या कोपऱ्यातली सूचना तिचीच. ती अशी चालते. ग्राफिक्स कार्डाला एक काम दिलेलं असतं. ते ठरल्यापेक्षा लांबलं, तर सिस्टिमचा शेड्यूलर कार्डाला सांगतो, ‘थांब, दुसऱ्याला जागा दे.’ मग तो वाट पाहतो. किती? मुळात ठरवून दिलेली मुदत दोन सेकंदांची. तेवढ्यात कार्ड थांबलं नाही, तर ते अडकलं असं धरून ड्रायव्हरला नव्याने उभं केलं जातं आणि कार्ड रीसेट होतं. त्या वेळी पडदा लुकलुकतो. हे एका मिनिटात पाचांहून अधिक वेळा झालं, तर सिस्टिम आशा सोडते आणि ११६ क्रमांकाच्या चुकीसह निळा पडदा दाखवते.

ही हेमचंद्राची हाक आहे. पुढे घालणारी नव्हे, थांबवणारी. कार्ड हाकेच्या अंतरावर आहे की नाही हे ‘थांब’ म्हणून तपासलं जातं आणि ते अंतर दोन सेकंदांचं असतं. ओ आली तर काम सुरू, नाही आली तर नवा हाकणारा.

माझा एक मित्र हे मानत नाही. त्याच्या मते टीडीआरचा पूर्वज मुंबईच्या लोकलमध्ये आहे. मोटरमनने हँडल दाबून धरलेलं असतं, हात सुटला की ब्रेक लागतो. त्या योजनेला ‘डेड मॅन्स हँडल’ म्हणतात. साम्य आहे, पण वरवरचं. त्या हँडलला कुणी हाक मारत नाही, ते नुसतं हाताच्या भाराकडे लक्ष ठेवतं. शिवाय तिथे संशय माणसावर असतो. टीडीआरमध्ये आधी साद आहे, मग वाट पाहणं, मग निर्णय. त्यात संवाद आहे, म्हणून मी त्याला हाकेच्याच कुळात घालतो.

कुळकथेचा उपयोग काय, असं कुणी विचारलं तर माझ्याकडे उत्तर आहे. पडदा वारंवार काळा होऊ लागला की लोक कार्ड बदलतात, कधी अख्खा संगणक बदलतात. म्हणजे बैल विकतात. शब्दच सांगतो की आधी हाकणाऱ्याकडे पाहा. मीही तेच केलं. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘डिस्प्ले’च्या नावावर ४१०१ क्रमांकाच्या नोंदी ओळीने होत्या, म्हणजे कार्डाची ओ येत नव्हती हे नक्की. मग संगणक सेफ मोडमध्ये सुरू केला. तिथे कंपनीचा ड्रायव्हर बाजूला राहतो आणि विंडोजचा साधा, सर्वांना चालणारा ड्रायव्हर काम करतो. चित्र बोजड, पण तासभर पडदा एकदाही लुकलुकला नाही. बैल साध्या हाकेला ओ देत होता.

तरी एवढ्याने निकाल लागत नाही, कारण सेफ मोडमध्ये कार्डावर भार नसतो. धाप लागलेला बैल गोठ्यात निरोगीच दिसतो. म्हणून पंख्यातली धूळ काढली, तापमान पाहिलं, वीजपुरवठ्याची जोडणी घट्ट केली, रॅमची चाचणी घेतली. कार्डाचा वेग कुणी मुद्दाम वाढवला असेल तर तोही मूळ पातळीवर आणावा लागतो. रजिस्ट्रीतली दोन सेकंदांची मुदत आठ-दहा सेकंद करा, असाही सल्ला मिळाला. जड गणितं करणाऱ्यांना त्याचा उपयोग आहे, कारण तिथे काम खरंच लांबतं. पण दोष ड्रायव्हरचा असेल, तर त्याने पडदा फक्त जास्त वेळ गोठून राहतो. ओ न देणाऱ्याची जास्त वेळ वाट पाहिली म्हणून तो बोलू लागत नाही.

शेवटी सेफ मोडमध्येच डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलरने जुने अवशेष पुसले आणि सर्वांत नव्या आवृत्तीऐवजी तिच्या आधीची बसवली. नवी आवृत्ती बसवल्याच्या दुसऱ्या दिवसापासूनच त्रास सुरू झाला होता, हे नोंदींच्या तारखा पाहिल्यावर कळलं. दोन वेगवेगळ्या आवृत्त्यांवर, भार देऊन, तीच चूक तशीच आली असती, तर कार्डावर संशय घेणं रास्त झालं असतं. इथे जुन्या आवृत्तीवर ती आलीच नाही. कार्ड निर्दोष होतं. त्याला घातलेली हाक चुकीची होती आणि न कळलेल्या हाकेला ते ओ देऊ शकत नव्हतं.

तो संगणक त्यानंतर चार वर्षं चालला, त्याच कार्डासह. ‘हाकेच्या अंतरावर’चं टिपण मी त्यावरच पूर्ण केलं.